पाळण्यातलं कुलूप

दोष बलभीम गुरुजींचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आज मुरुम गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की गुरुजींचं घर म्हणजे नमुना आणि त्यांचा पोरगा म्हणजे रत्न, नवसानंही मिळायचा नाही असा. आणि ज्या माणसानं उभी हयात दुसऱ्यांची लेकरं छडीनं सरळ केली त्याच्याकडं बोट दाखवायची आपल्यात रीत नाही. पण कॉम्प्युटरला कुलूप त्यांनी घातलं, आणि ज्या शब्दाचं घातलं तो शब्दही त्यांनीच निवडला. दुसऱ्या कुणाचा त्यात हात नव्हता.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, गुरुजींना निरोप समारंभात मिळालेल्या शालीखाली झाकलेला असायचा. धाकटी मुलगी अर्पिता अकरावीला गेली तेव्हा तिच्या अभ्यासासाठी म्हणून तो घेतला, पण घरातल्या बाकी वस्तूंसारखा तोही सगळ्यांचा, आणि म्हणूनच गुरुजींचा होता. दैवशाला, म्हणजे गुरुजींची बायको, दुपारच्याला त्यावर भजनं लावायची. गुरुजी पेन्शनरांच्या संघटनेची पत्रं एका बोटानं बडवत बसायचे. आणि उरलेला सगळा वेळ त्याच्यासमोर त्यांचा पोरगा कुमार असायचा. लातूरला डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून तो घरी आला होता. का सोडलं हे कुणी विचारलं नाही. सोडलं, एवढंच सगळ्यांनी घट्ट धरून ठेवलं, आणि जेवताना, आंघोळीला जाताना, पाहुण्यांसमोर चहाचा कप देताना ते त्याच्या पुढ्यात टाकायचं कुणी विसरायचं नाही.

त्याला नावसुद्धा धड मिळालं नव्हतं. "कुमार हे काय नाव झालं? ते तर नावाच्या आधी लिहितात. मग तुझं नाव कुठाय?" असं शाळेत पोरं चिडवायची, आणि घरी येऊन विचारलं की गुरुजी म्हणायचे, "तुला तेवढं पुरे आहे." बारशात ठेवलेलं दुसरं काही नाव आहे का, म्हणून लहानपणी आईच्या मागं लागला, तर ती पदराला हात पुसत उठून गेली होती. पुढं त्यानं विचारणं सोडलं. ज्या घरात प्रश्नाला उत्तर म्हणून पाठ मिळते तिथं पोरगं लवकर शहाणं होतं, नाहीतर उद्धट होतं. कुमार उद्धट झाला.

पण कॉम्प्युटरवर त्याचा हात बसला होता. एसटी स्टँडसमोर सिद्धारामचं फ्लेक्सचं दुकान होतं, त्याला कुमार बॅनर करून द्यायचा: वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. एखाद्याची मान सरळ करायची, काळ्याला उजळ करायचं, मेलेल्याच्या डोळ्यात चमक घालायची, हे सगळं तो लीलया करायचा; पण त्याची खरी हातोटी वेगळीच होती. भावकीत फाटलं की लोक जुने फोटो घेऊन यायचे, 'ह्यातनं आमच्या धाकट्याला काढ' म्हणायचे, आणि कुमार फोटोतला माणूस असा अलगद उचलायचा आणि त्याच्या जागी मागची भिंत अशी भरून काढायचा, की तिथं कधी कुणी उभं होतं हे त्याच्या आईलाही सांगता येऊ नये. सिद्धाराम म्हणायचा, "पोरा, जरा पैसं साठू दे, मग दुकानात माझ्याशेजारी तुझं टेबल टाकू." त्या टेबलावर कुमारची सगळी भिस्त होती. आपलं टेबल झालं की अण्णांच्या, म्हणजे गुरुजींच्या, शालीखालचं यंत्र आणि अण्णांच्या घरातलं ताट, दोन्हींना रामराम.

ठिणगी पडली ती गुरुजींचे जुने स्नेही घरी आले त्या दिवशी. सगळे निवृत्त, सगळे पांढऱ्या कपड्यातले, आणि सगळ्यांना दुसऱ्याच्या पोराची काळजी. त्यातल्या एकानं मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "मग, चिरंजीव हल्ली काय दिवे लावतात?"

स्क्रीनवरची नजर न काढता कुमार म्हणाला, "तुमच्याच नातवाचा बॅनर करतोय, काका. दात लई पुढं होते, आत बसवले. तुमचे ऱ्हायलेत, बसवू का?"

बैठकीत कुणी हसलं नाही. स्वयंपाकघरात अर्पिता हसली, तेवढंच. गुरुजींचा चेहरा त्या संध्याकाळी उतरला तो उतरलाच, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राजशेखरला बोलावून घेतलं.

राजशेखर बाजारपेठेत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा आणि कधीकाळी गुरुजींच्या हातचा मार खाल्लेला होता, त्यामुळं तो खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होता. "गुरुजी, पासवर्ड टाकला की तुमच्या परवानगीबिगर कुणी हात लावू शकायचं न्हाय. फक्त शब्द आसा घ्या, की घरात दुसऱ्या कुणाला सुचायचा न्हाय आन् तुमी जल्मात इसरायचा न्हाय."

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. "तसा एक आहे," ते म्हणाले. "तू तोंड फिरव."

राजशेखरनं भिंतीकडं तोंड केलं. दारात उभा असलेला कुमार मात्र बघत होता. गुरुजी एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधत शोधत दाबत होते, आणि जन्मभर पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतलेल्या माणसाची खोड म्हणून दर अक्षराला त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. स्क्रीनवर एकेक काळा ठिपका उमटत होता. तेवढ्यात दैवशाला चहा घेऊन आली, तिची नजर नवऱ्याच्या ओठांवर गेली, आणि ताटलीतल्या कपांनी बारीक किणकिण सुरू केली.

"आहो," ती म्हणाली, "ते नगा घालू. हाक मारल्यासारखं हुतंय."

"चहा ठेव."

"आजवर कुणी तोंडातनं काढलं न्हाय..."

"मी कुठं तोंडातून काढतोय?" गुरुजी म्हणाले. "ठेव चहा आणि जा आत."

कुमारला एवढंच कळलं की ते कुणाचं तरी नाव होतं. त्यानं नंतर सगळी नावं लावून पाहिली: अर्पिताचं, आजोबांचं, कुलदेवीचं, शाळेचं, आणि सगळ्यात आधी अर्थातच खुद्द गुरुजींचं. एकाही नावानं यंत्र उघडलं नाही. त्याचं सारं काम, सारे अर्धवट चेहरे आणि माणसं काढलेल्या भिंती, त्या एका न कळणाऱ्या नावाच्या पलीकडं राहिल्या. गुरुजी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा शाल बाजूला करायचे, ओठ हलवत शब्द दाबायचे, अर्पिताला बसवायचे आणि शेजारी पेपर घेऊन राखणीला बसायचे. कुमारला ते बघवायचं नाही. तो पांघरूण ओढून भिंतीकडं तोंड करून पडायचा.

अशाच एका सकाळी तो उशिरा उठला तर आई कौतुकानं त्याच्याकडं बघत होती. "बरं झालं बाबा, टाकी भरलीस. नळ कवा येऊन गेला, मला पत्त्याच न्हाय."

"मी न्हाय भरली."

"मग काय टाकी आपली आपण भरली? बघ की, घागरीसुदिक भरून ठिवल्यास."

ओट्यावर घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या, एका ओळीत, सांडलेल्या पाण्याचा एक थेंब नव्हता. अर्पितानं मान हलवली. तिनं भरल्या नव्हत्या. आणि तेवढ्यात गुरुजी मागून आले, कुमारच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "असंच वागत जा." हा हात लहानपणापासून त्याच्या गालावर पडत आला होता, खांद्यावर कधी आला नव्हता. कुमार पुन्हा 'मी न्हाय' म्हणाला नाही. फुकटची शाबासकी परत करण्याइतकी त्या घरात तिची रेलचेल नव्हती.

पण दुपारी तो सिद्धारामच्या दुकानात गेला, आणि सिद्धारामनं त्याला बघून चक्क हात जोडले. "काय रे, काल काय आंगात आलतं तुझ्या? येऊन गुमान बसलास, फ्लेक्सची सगळी बंडलं एका हातानं उचलून वर ठिवलास. चौघांनी उचलायचं काम ते."

"काल मी घरीच हुतो, सिद्धारामअण्णा."

"मला शिकवू नगो. इथं ह्या स्टुलावर बसला हुतास. बघ, मोडलं की स्टूल." त्यानं पाय फाकलेलं स्टूल दाखवलं आणि खूष होऊन म्हणाला, "पर येक बरं वाटलं बघ. धा येळा बोललो, येक शब्द उलटा आला न्हाय तुझ्याकडनं. आसाच ऱ्हा. तुझं टेबल मी नक्की करतो."

घरी येईपर्यंत कुमारनं स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्याला डोळ्यांनी दगा दिला असेल. पण बैठकीत कॉम्प्युटरसमोरची प्लास्टिकची खुर्चीही तशीच बसली होती, चारी पाय बाहेर फाकून, पोटातून चीर जाऊन. त्यानं कीबोर्डवर हात ठेवला. कळा गार होत्या, भर उन्हाळ्यात रांजणाच्या अंगासारख्या, आणि त्यांच्या फटींतून लसूण-मिरचीचा वास येत होता. बोटाला लाल काही तरी लागलं. त्यानं ते जिभेला लावलं. तिखट.

"आई, चटणी कुणी केली?"

"कुठली चटणी? मिक्सरात करते की मी. ती हाय डब्यात, शेंगादाण्याची." स्वयंपाकघरातून दैवशाला म्हणाली. "लसणाची मी करतच न्हाय. तिला पाटा-वरवंटा लागतोय, आन् तो मिक्सर आल्यापासनं मोरीमागं पडलाय."

त्यानंतर गोष्टी वाढत गेल्या, आणि वाईट हे की प्रत्येक गोष्टीनं घरातलं कुणी ना कुणी सुखी होत गेलं. गुरुजींचं धोतर घडी होऊन उशाला यायचं. अंगणातली जुनी पायरी, जी हलवायला माणसं लावावी लागली असती, ती एका दुपारी सरळ बसवलेली निघाली. मारुतीच्या पारावर गुरुजी सांगू लागले, "आमच्या कुमारला हल्ली वळण लागलं. उलट बोलणं तर सोडाच, सुलट बोलणंही नाही," आणि पारावरची सगळी पांढरी टाळकी कौतुकानं हलायची. ह्या लोकांना पोरगा असाच हवा असतो, हे कुमारला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसलं: जड, गार, ठेवला तिथं राहणारा, आणि तोंड नसलेला. असा एक पोरगा त्यांना कुठून तरी मिळाला होता, आणि तो कुमार आहे अशी त्यांनी स्वतःची खुशाल समजूत करून घेतली होती.

फक्त अर्पिता एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, काल माझ्याशेजारी बसला होतास ना, मी फिजिक्स करत होते तेव्हा?"

कुमारनं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"तुझी एकदाही पापणी लवली नाही. मी बघत होते. कितीतरी वेळ."

"मग? भ्यालीस?"

तिनं विचार केला. "आधी भ्याले. मग बरं वाटलं." आणि नजर चुकवत म्हणाली, "भांडला नाहीस म्हणून."

त्याच आठवड्यात तो बाहेरून भुकेला आला, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात बसला, आणि आईनं त्याच्याकडं आश्चर्यानं बघितलं.

"काय पायजे?"

"काय म्हंजे? जेवायला वाढ."

"आत्ताच जेवून गेलास की."

मोरीत त्याचं ताट पडलं होतं, धुतल्यासारखं स्वच्छ. बसायचा शिसवी पाट मधून उभा चिरला होता. कुमारनं पायानं तो पाट बाजूला लोटला. "आई," तो म्हणाला, "अण्णांनी कॉम्प्युटरला नाव कुणाचं घातलंय?"

दैवशालानं पातेल्यावर झाकण ठेवलं. पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. "तुझ्या आत्याला जाऊन इचार," ती शेवटी म्हणाली. "तिनं ठिवलंय ते."

नागूबाई आत्या जळकोटला राहायची. सकाळच्या एसटीनं येणेगूरला उतरून हायवेची गाडी धरून कुमार तिच्या दारात पोचला तेव्हा म्हातारी उंबऱ्यात बसून तुरीची डाळ पाखडत होती. सुपावरची नजर न काढता तिनं सगळं ऐकलं. पासवर्ड म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. दाराला कुलूप म्हणून लावायचं नाव, एवढं ती लगेच समजली.

"तुझ्या आदी दैवशालाची दोन लेकरं गेली," ती म्हणाली. "बारशाआदीच गेली. तू झालास तवा तुझा बाप भ्याला. एवढा शिकलेला, पर भ्याला. बारशादिवशी मला पडवीत घेतलं आन् म्हणला, नागे, नाव पोराच्या कानात सांगू नगस."

"मग?"

"बारशाला वरवंट्याला कुंची घालत्यात बघ. पाळण्याखालनं घेत्यात, वरनं देत्यात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. लेकरू धोंड्यावानी टणक व्हावं म्हणून. तुझा बाप म्हणला, नाव त्या धोंड्याच्या कानात सांग. जे कुणी न्ह्यायला येईल ते नावानं हाक मारंल, आन् धोंडा घिऊन जाईल. पोरगं ऱ्हाईल." तिनं सूप खाली ठेवलं. "म्या तसंच केलं. तुझ्या कानात नुसतं कुर्र केलं. नाव त्याला दिलं."

कुमारला हसू आलं. ते तोंडापर्यंत आलं नाही. "म्हणजे मला नावच न्हाय."

"हाय की. कुमार. कुणी तरी पोरगं, एवढंच." मग तिनं त्याचं डोकं जवळ ओढलं, मिश्रीचा वास येणारं तोंड कानाशी नेलं आणि ते नाव सांगितलं. ते इथं लिहिलेलं नाही. नाव चांगलं होतं. कुणाही बापाला आपल्या पोराला ठेवावंसं वाटेल असं.

"आन् तो वरवंटा?" तिनं विचारलं.

"मोरीमागं असतोय."

"त्याला कुणी हाक तर मारत न्हाय ना आता?"

"अण्णा मारतात," कुमार म्हणाला. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. रोज."

डाळीकडं वळलेला नागूबाईचा हात तसाच राहिला. "मग आरं येड्या," ती हळूच म्हणाली, "तू घर सोडून हितं कशाला आलास?"

परतीच्या गाडीत तो उभाच राहिला, जागा असूनही. मुरुमच्या स्टँडवर उतरला तेव्हा ऊन तापलेलं होतं. सिद्धाराम दुकानाच्या दारात उभा होता. दुकानात त्याच्या शेजारी नवं टेबल आलं होतं, लोखंडी पायांचं, चांगलं भक्कम. कुमारनं हात वर केला.

सिद्धारामनं डोळ्यांवर हात धरून त्याला न्याहाळलं. "कुणीकडचं म्हणायचं पाव्हणं?" तो आदबीनं म्हणाला. "कुणाकडं आलाव?"

कुमार पळत घरी गेला. दार उघडं होतं. तो बैठकीत न थांबता थेट मोरीमागं गेला. पाटा भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या शेजारी वर्षांच्या धुळीत एक लांबट, गोल कडांची, स्वच्छ जागा होती. तिथं काही नव्हतं. तेवढ्यात आत स्वयंपाकघरातून आईनं जेवायला हाक मारली, आणि हाक 'कुमार' अशी नव्हती. आत्यानं दोन तासांपूर्वी त्याच्या कानात सांगितलेलं नाव आईच्या तोंडात होतं, लाडानं ओढलेलं, शेवटचा स्वर लांबवलेला, जणू ती जन्मभर हेच नाव हाकारत आली होती. जड पावलं तिच्या दिशेनं गेली. फरशी बारीक करकरली.

कुमार बैठकीत आला, त्यानं शाल ओढून टाकली आणि तेच नाव टाइप केलं. घाईत चुकलं असेल, म्हणून पुन्हा सावकाश, एकेक अक्षर बघून टाकलं. यंत्रानं ते घेतलं नाही.

"कोण पाहिजे आपल्याला?"

गुरुजी दारात उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. अनोळखी माणूस घरात शिरलेला बघून सभ्य गृहस्थाच्या चेहऱ्यावर जी सावध मर्यादा येते तेवढीच होती. "बसा," ते म्हणाले. "आपण कुणाकडे आलात?"

उभ्या आयुष्यात बापानं त्याला दिलेला तो पहिला मान होता.

"अण्णा," कुमार म्हणाला, "मी आहे. मी..." आणि पुढं सांगायला त्याच्याजवळ जे होतं ते एवढं तोकडं होतं, की ते जिभेवर येईना.

"फ्लेक्सचं काही काम असेल," गुरुजींनी त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. "आमचा मुलगा करतो. जेवतोय तो, येईल आता. मी चालू करून ठेवतो तोवर." ते खुर्चीकडं आले, नवी खुर्ची होती, लाकडाची. बसता बसता त्यांच्या आवाजात अभिमान आला. "आधी मी एक शब्द घातला होता. यानं आजच बदलून दिला. बोलत नाही फारसा, दाखवून दिलं. म्हटलं, वा! असा शब्द, की आता ह्या घरात कुणाच्या तोंडी यायचा नाही." मग त्यांना शिष्टाचार आठवला. "जरा तोंड फिरवता का?"

कुमारनं तोंड फिरवलं नाही. गुरुजींचं बोट कळांवर उतरलं, एकेक काळा ठिपका उमटू लागला, आणि दर अक्षराला त्यांचे ओठ हलले, नेहमीसारखे, आवाज न करता. ह्या वेळी ते नाव ओळखायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. लहानपणापासून ते त्याला शिव्यांच्या आधी आणि शिव्यांच्या नंतर ऐकू येत आलं होतं. यंत्र उघडलं. कुमारला तेव्हा एवढंच जाणवलं, की पायांना फरशीचा गारवा लागेनासा झाला आहे, आणि मोरीमागून कुणी तरी आपल्याला फार सावकाश, एका बोटानं ओढल्यासारखं ओढतं आहे.

गुरुजी मागं वळले तेव्हा बैठकीत कुणी नव्हतं. "गेले वाटतं," ते म्हणाले, आणि पत्रं बडवायला लागले.

पुढं काही दिवसांनी वीज गेली. ऐन जेवणाच्या वेळी गेली, मिक्सर बंद पडला, आणि पोरगा पानावर बसलेला, काही न बोलता, पापणी न हलवता. त्याला लसणाची चटणी लागायची. दैवशाला मोरीमागं गेली. वरवंटा तिथंच, पाट्याच्या शेजारी, आपल्या जागेवर होता. तिनं तो उचलला आणि दचकून पुन्हा खाली ठेवला.

"काय गं?"

"हात लाव बरं."

अर्पितानं हात लावला आणि तसाच ठेवला. "किती ऊन आहे, आई. ताप आल्यासारखा."

"उन्हात आसंल," दैवशाला म्हणाली. मोरीमागं ऊन कधीच येत नाही. पण पानावरचा वाट बघत होता. तिनं वरवंटा धुतला, पाटा मांडला, लसूण-मिरची टाकली आणि वाटायला घेतलं.

बाहेर गुरुजींनी वीज आली का बघायला कॉम्प्युटरवर हात ठेवला, आणि सवयीनं त्यांचे ओठ हलले.

बलभीम गुरुजींचा एक मुलगा गेला. घरातली माणसं तेवढीच राहिली.